बैल न जुंपलेली लॉरी

निजामाच्या राज्यातले ते शेवटचे उन्हाळे. मी देवणीच्या शाळेत मास्तर होतो. एकदा लातूरला जायला मालाच्या लॉरीत ड्रायव्हरशेजारी बसलो. त्याचं नाव मी विचारलंच नाही, पण त्याचा तांबडा पटका अजून डोळ्यांपुढे आहे.

भरदुपारी चढावर लॉरी बंद पडली. शेजारच्या रानातला शेतकरी आपली देवणी बैलजोडी आणि दोरखंड घेऊन आला. "गावापस्तोर ओढून नेतो की," म्हणाला. मला उशीर होत होता. मीही म्हटलं, "घ्या की ओढून!"

ड्रायव्हरनं हात जोडले. "बैल लई देखणे हायत, पाटील. पण ह्या गाडीला आजवर बैल जुंपला न्हाई."

त्यानं बॉनेट उघडलं, पेट्रोलच्या नळीला बोट लावून चटकन मागे घेतलं आणि हसला. "बिघडली न्हाई मास्तर, तापली हाय. नळीत पेट्रोल उकळून राहिलंय."

त्या काळी चारचौघांत उघड्या डोक्यानं कुणी उभं राहत नसे. ह्यानं पटका सोडला, नळीभोवती गुंडाळला आणि माझ्या तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं. आम्ही बाभळीखाली थांबलो. नळी निवल्यावर त्यानं हँडल मारलं, आणि लॉरी घुमली.

लातूरच्या अड्ड्यावर तो तसाच बोडका उतरला. लोक हसले. "पटका कुठं हाय रे?"

त्यानं बॉनेटवर थाप मारली.

"जिनं माझी इज्जत राखली, तिच्या डोक्यावर."