मामाचे विमान आणि दुपारचा मुहूर्त

ज्याने रस्त्याची सेवा केली, त्याला रस्ताच देव. सिन्नरकडच्या केरूदादांनी उभी हयात एसटी चालवण्यात घालवली. चाकाला हात लावण्याआधी नमस्कार करावा आणि गाडी वेळेवर पोचवावी, एवढीच त्यांची पूजा. जावई गेल्यावर लेक सुवर्णा आणि नात हर्षाली त्यांच्याच सावलीला वाढल्या.

हर्षालीचे लग्न ठरले. निफाडचे व्याही सहादू गोरज मुहूर्त म्हणत होते. पाहुणे उजेडी घरी पोचावेत म्हणून केरूदादांनी हट्टाने दुपारचा धरला. पण नवरीला मांडवात आणायचे मामाने, आणि मामा, म्हणजे दादांचा एकुलता एक मुलगा निवृत्ती, लेहला सैन्यात. रजा लग्नाच्याच दिवसापासून. दादांनी मोबाइलला विचारले, लेहच्या विमानतळापासून ओझरचा विमानतळ किती लांब? उत्तर आले, अडीच तास.

"दादा, मधी दिल्लीला उतरावं लागतं," निवृत्ती फोनवर सांगत होता.

"थांबा असंल. चहापुरता," दादा म्हणाले, आणि पत्रिका छापायला गेल्या.

मोबाइलने सांगितले ते अंतर पाखराचे होते, माणसाचे नव्हते.

लग्नाच्या सकाळी लेहला ढग उतरले आणि विमान अडकले. मांडवात सनई सुरू झाली, तेव्हा निवृत्ती कुठे दिल्लीला टेकला होता. "ओझरचं विमान दुपार कलल्यावर हाय, दादा," त्याने फोनवर सांगितले.

दादांनी घराकडे पाहिले. आत हळद ल्यालेली हर्षाली. तिला बाप नाही. आज मामाही नाही?

भटजींनी निरोप धाडला, नवरीला आणा. पाहुण्यांतून कोणी म्हणाले, "दुसरा मामा उभा करा. भावकीत काय कमी हायेत?"

सुवर्णाने नुसते वडिलांकडे पाहिले.

केरूदादा भर मांडवातून सहादूंपुढे गेले आणि हात जोडून उभे राहिले. "पाहुणं, तुमचंच खरं होतं. मुहूर्त मी चुकवला. पोरीसाठी गोरजवर घ्या."

सहादूंनी मिशीवरून हात फिरवला. "एवढी वर्षं गाडी वेळेवर सोडली म्हणता, आन् नातीचंच लग्न लेट करता व्हय?"

दादांची मान खाली.

"भटजी," सहादूंनी हाक मारली, "गोरजचं बघा. आन् वाढप्यांनो, पंगती बसवा. उपाशी पाहुणा लय चुका काढतो."

ऊन उतरले, सावल्या लांबल्या. विमान उतरल्याचा फोन आला. पुढे सिन्नरचा रस्ता, आणि त्यावर बाजारच्या दिवसाची गर्दी. अंतरपाट धरला गेला. भटजी सूर्याकडे पाहू लागले. दादांच्या ओठी नामाखेरीज शब्द नव्हता.

तोच एक जीप मांडवाकडे वळली. निवृत्ती वर्दीतच उतरला. चूळ भरली, हात धुतले, आत गेला. क्षणभराने तो भाचीचा हात धरून मांडवात येत होता, आणि हर्षाली रडता रडता त्याला म्हणत होती, "मामा, हळू चाल. आता कुठं पोचायचंय तुला?"