मुठीवरचं कुंकू

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तिच्यापासून मी फारसं काही लपवत नाही. पगार, साहेबाशी झालेली भांडणं, सगळं तिला कळतं. पण हे नाही. आणि आज तुमच्यापुढे का बोलतोय, तेही मला नीट सांगता यायचं नाही. गेल्या आठवड्यात वाडीतला एक जण पाण्याची जुनी मोटर टेम्पोत घालून माझ्या दारात आला. म्हणाला, "सायेब, तुमी एकदा हात लावून बघा, मग घेतो." मी त्याच्यावर खेकसलो. त्याचं काय चुकलं होतं? काहीच नाही. तो बिचारा मोटर घेऊन परत गेला आणि मी ओट्यावर तसाच चरफडत उभा राहिलो. हात लावून बघा म्हणे. माझा हात लागला की वस्तू खरी ठरते—अजूनही.

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. वेल्ह्याकडच्या आमच्या वाडीत माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी अभिमानाने सांगतो, लपवण्यासारखं त्यात काही नाही. हायवेला शिवऱ्याच्या पुढे एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. काम सोपं सांगायचं तर असं—बाहेरून आलेले सुटे भाग तपासायचे आणि खोट असेल तो माल परत पाठवायचा. केसाएवढी फट दिसली तरी लाल खूण आणि बाजूला. माल देणारे चिडतात, गयावया करतात, वरून फोन आणतात. मी हलत नाही. "हा माणूस ऐकायचा नाही," असं माझ्याबद्दल बोललं जातं, आणि ते ऐकायला मला फार आवडायचं.

म्हणून तर सोपानदादा मला घेऊन गेला.

सोपानदादा माझा चुलत भाऊ. घर वाडीपासून लांब, डोंगराच्या पायथ्याला, आणि शेळ्या हाच धंदा. तिथं बिबट्या येतो. पूर्वी रात्रीचा यायचा, हल्ली दिवस मावळायच्या आतच गोठ्यामागे दिसतो. दादाने हत्याराच्या परवान्यासाठी किती खेटे घातले ते त्यालाच ठाऊक, पण शेवटी परवाना हातात आला. आता हत्यार घ्यायचं. मात्र दादाचं उजवं मनगट एकदा मोडलं होतं आणि वाकडंच जुळलं होतं. "जड हत्यार मला पेलायचं न्हाई रं," तो म्हणाला. "हलकं बघाय पायजे."

भोरमधले एक वकील आपलं रिव्हॉल्व्हर विकायला काढणार असल्याचं कळलं. हलक्या धातूचं, जुनं, पण जपून वापरलेलं. सरकारी परवानगीचं सगळं रीतसर झालं होतं. राहिलं होतं ते फक्त वस्तू बघून हो म्हणणं. ते माझ्याकडे.

मी काही अडाण्यासारखा गेलो नव्हतो, हे आधी सांगतो. वाचून गेलो होतो. जुनं रिव्हॉल्व्हर घेताना काय काय बघायचं—नळीत गंज आहे का, खड्डे आहेत का, घोडा ओढून ठेवल्यावर वरून दाबला तर सुटतो का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते गोळ्यांचं चाक. हलक्या हत्यारात चाक अडकवणारी खाच लवकर झिजू शकते, हेसुद्धा वाचलं होतं. माझ्याच कामासारखं काम. यात मला कोण फसवणार?

वकीलसाहेबांच्या घरी—आता इथं मला थांबावं लागतं. त्या घराची पायरी मला ठाऊक होती. बांधाच्या तंट्यासाठी माझा बाप तिथं यायचा. चप्पल खाली काढून पायरीवर बसायचा, आणि मी त्याच्या शेजारी. आत कधी गेलो नाही. कुणी जाऊ नका म्हणालं नव्हतं, पण या असंही कुणी म्हणालं नव्हतं. आणि त्या दिवशी वकीलसाहेब स्वतः दारात आले. मला खुर्ची दिली. दादा सवयीने भिंतीला टेकून उभा राहत होता, त्यालाही बसवलं. कपबशीतून चहा आला. मी कुठं असतो, काय करतो, ते त्यांनी विचारलं, आणि मी सांगितल्यावर म्हणाले, "वा. म्हणजे तुम्ही तर यातले जाणकार. तुमच्यासारख्याच्या हातात वस्तू दिली की मला बरं वाटतं."

तुम्ही. मला. त्या घरात.

मग त्यांनी कपाटातून ते रिव्हॉल्व्हर आणलं. हातात घेतल्यावर खेळण्यासारखं वाटावं इतकं हलकं. मी आधी चाक बाजूला काढून रिकामं आहे ना ते बघितलं आणि दादालाही दाखवलं. पांढरा कागद धरून नळी उजेडाकडे केली. नळी स्वच्छ. मग घोडा सावकाश मागं ओढायला लागलो. घोडा ओढला की चाक फिरतं, गोळीचं एक घर नळीच्या बरोबर मागे येतं आणि खट् करून अडकतं. मग बोटाने चाक ढकलून बघायचं. हललं नाही पाहिजे. पहिलं घर बसलं. दुसरं बसलं. असं करत पाच बसली.

सहावं बसलं नाही.

घोडा पूर्ण मागं आला तरी खट् झालं नाही. चाकाला बोट लावलं तर ते सरकलं, आणि मग खट्. मी पुन्हा फिरवून आणलं. पुन्हा तेच घर, पुन्हा तेच. म्हणजे गोळी सुटेल तेव्हा ते घर नळीसमोर नीट आलेलंच नसेल. गोळीचा काठ नळीच्या तोंडाला घासणार आणि शिशाचा कपटा बाजूने उडणार. हे मला माहीत होतं. नंतर कळलं असं नाही. त्या खुर्चीत बसल्या बसल्या माहीत होतं.

"काय, ठीक आहे ना?" वकीलसाहेबांनी विचारलं. त्यांना ती खोट ठाऊक होती असं मला आजही वाटत नाही. खरं ऐकायला ते तयार होते. दादा माझ्याकडे बघत होता.

मी म्हणालो, "उत्तम आहे."

का म्हणालो? मी हा प्रश्न स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की आता त्याचाच राग येतो. चहा पिऊन झाला होता म्हणून? आता खोट काढली तर हा पायरीवरचा पोरगा आमच्या वस्तूला नावं ठेवतो असं त्यांना वाटेल म्हणून? की मी खोट दाखवायला जाईन आणि ते म्हणतील, अहो, असं धरायचं नसतं, आणि मी जाणकाराचा पुन्हा अडाणी होईन म्हणून? यातलं सगळं थोडं थोडं असेल. पण कारखान्यात मी असला भाग एका मिनिटात बाजूला फेकला असता. मालकाचा माल मी वाचवतो. भावाचा नाही वाचवला.

परत येताना दादा भोरच्या चौकात चहाला थांबला आणि भेटेल त्याला सांगत सुटला, "आमच्या सायबानं पास केलंय. हा कारखान्यातलं लोखंड परत धाडतो, हे पास केलंय म्हंजे बघा." मी हसलो. मनात ठरवलं, हत्यार ताब्यात घ्यायच्या आधी सांगू. नाही सांगितलं. ताब्यात आल्यावर म्हटलं, दसऱ्यापर्यंत सांगू, दुरुस्तीला नेऊ. दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं पुजतात. कोयता, खुरपं, विळा, कुऱ्हाड, शेळ्यांचे केस कापायची कात्री. त्या वर्षी मधोमध ते रिव्हॉल्व्हर होतं, रिकामं करून ठेवलेलं. हौसावहिनींनी—म्हणजे दादाच्या बायकोने—पूजा केली. बाकीच्या हत्यारांना हळदकुंकवाची बोटं ओढली, पण याला हात लावताना त्या बिचकल्या. लाकडी मुठीवर एक टिकली टेकवली, आपट्याचं पान ठेवलं आणि हात मागे घेतला. मी समोर बसलो होतो. फक्त मुठीवर. चाकाच्या जवळसुद्धा नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऊन उतरतानाच, बिबट्या गोठ्याच्या कुडाशी आला. दादाने अंगणात उभं राहून हवेत बार काढला. एक काढला, दुसरा काढला. मग एकाला चाक बसलं नाही. मोडक्या मनगटामुळे त्याचा हात पुरता वर जायचा नाही, हत्यार तोंडाजवळच होतं. कपटा बाजूने आला आणि डाव्या डोळ्यात गेला.

डोळा गेला. पुण्याच्या डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण गेला.

मी हे सांगायला बसलो ते एवढ्यासाठी नाही. भित्रेपणा म्हणून तुम्ही एवढं समजून घ्याल कदाचित. पुढचं ऐका.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळी भावकी जमली होती आणि सगळे माझ्याकडे वळले. साहजिक आहे, मीच तर तपासलं होतं. दादाच्या मेव्हण्याने विचारलं, "आवं, तुमी बघून घेतलं व्हतं न्हवं? मग ह्ये झालं कसं?" त्याच्या बोलण्यात टोमणा होता की नव्हता, मला कळलं नाही. पण मला तो टोचला. आणि मी—शांतपणे, साहेबाला समजावतो त्या आवाजात—म्हणालो, "घेताना ठीक होतं. नंतर पूजा झाली ना दसऱ्याला. तेल, कुंकू आत गेलं असणार. खाचेत बसलं की चाक अडतं."

विचार करून बोललो नाही मी. तोंडातून इतकं सहज आलं की मलाच पटलं.

हौसावहिनी डबा घेऊन तिथंच उभ्या होत्या. त्यांनी डबा बाकावर ठेवला आणि आपल्या बोटांकडे बघितलं. "म्याच लावलं की," त्या म्हणाल्या. दुसरं काही नाही. त्यांना कुणी बोल लावला नाही. दादा तर खाटेवरून म्हणाला, "जाऊ द्या. तिला काय ठावं बापडीला." त्याने त्यांना माफ केलं. कशाबद्दल माफ केलं, सांगा.

हत्यार पोलिसांनी जमा करून घेतलं. दादाने ते पुन्हा मागितलं नाही. वाडीत मात्र माझं शास्त्र पसरलं. दसऱ्याला आता लोक यंत्रांना कुंकू जपून लावतात, आणि वर सांगतात, आमच्या सायबानं सांगितलंय. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. वहिनी हत्यारांच्या पूजेला पुढं येत नाहीत. ताट सुनेच्या हातात देतात आणि दाराशी उभ्या राहतात. मुठीवरची ती टिकली त्यांना आठवत असेल का? की माझं ऐकून ऐकून त्यांनाही आता वाटतं, आपण चाकावरच बोट ओढलं होतं?

या दसऱ्याला त्यांच्या मुलाने नवी मोटरसायकल आणली. सून माहेरी गेली होती, म्हणून ताट वहिनींनाच धरावं लागलं. दादा ओट्यावर बसला होता, तोंड जरा वळवून, उजव्या डोळ्याने बघत. वहिनी गाडीभोवती फिरल्या, थांबल्या, आणि माझ्याकडे आल्या.

"भावजी," त्या हळूच म्हणाल्या, "हिला कुंकू कुठं लावलं तर चालंल? आत काय जायाचं न्हाई असं बगून सांगा."

मी उठलो. गाडीपुढे वाकलो, खरोखर तपासतोय तसा. मग दिव्याच्या वरच्या पत्र्यावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "इथं लावा. इथं चालेल."

त्यांनी बरोबर तिथंच टिकली लावली आणि बोट पदराला पुसून घेतलं.