काचेमागची नदी

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी स्वतःचंच हसू येतं. तेव्हा मी ठाणे शहरात वर्तकनगर भागात ड्युटीवर होते. खाकी कडक इस्त्रीची आणि मान त्याहून कडक. माझ्यापुढे दगडही कबुली देतो, असा माझा समज होता.

एक मुलगा वडील हरवल्याची तक्रार घेऊन आला. सत्तरी ओलांडलेले, विसराळू, मधुमेही. रात्रीतूनच निघून गेलेले, गोळ्या घरीच. नोंद होते न होते तोच शेजारणीची खबर आली, "मॅडम, काल त्यांच्यात मोठं भांडण झालंय हो!"

झालं! मी मुलाला खुर्चीत बसवून झोडपायला घेतलं. शब्दांनी, अर्थात. "फ्लॅट कोणाच्या नावावर? भांडण कशावरून?"

तो रडायलाच लागला. "बाबा म्हणत होते, घरी जायचंय. मी ओरडलो, अहो, घरीच आहात ना! सकाळी उठलो तर दार उघडं."

त्याच्याबरोबर घर पाहायला गेले. वडिलांनी जन्मभर दुकानांच्या काचांवर पाट्या रंगवलेल्या. घरातही काचेवरची चित्रं, आणि सगळ्यांत एकच देखावा. नदी डावीकडे वळलेली, उजवीकडे कारखान्याची चिमणी, काठावर कपडे धुणाऱ्या बायका.

"ही जागा कुठली?"

"मनातलीच असेल. लहानपणाबद्दल बाबा कधी बोललेच नाहीत."

माझ्या हवालदारीणबाईंनी मोबाइलवर नकाशा उघडून उल्हास नदीचा काठ चाळला. "मॅडम, कल्याणजवळचं मोहने बघा. नदी आहे, चिमणी आहे."

मी चष्मा चढवून म्हटलं, "चिमणी डावीकडे आहे, वळण उजवीकडे. डोळे उघडे ठेवून काम करा. पुढे चला."

काय तो रुबाब! नकाशावर पुढे दिवा गाव झालं, पार खाडी झाली, काही जुळेना. वैतागून पुन्हा चित्रासमोर उभी राहिले, तर बायकांचे पदर उजव्या खांद्यावर! नथाही उजवीकडे!

हवालदारीणबाई म्हणाल्या, "गुजराती असतील."

"नथ घालून, नऊवारीत?"

मग ट्यूब पेटली. म्हातारा काचेच्या मागून रंगवायचा. अक्षरं सवयीने उलटी काढायचा, देखावा मात्र आठवेल तसा सरळ. पुढून पाहिलं की डाव्याचं उजवं. चित्राचा फोटो मोबाइलवर उलटा केला, नकाशाशेजारी धरला. मोहने, तंतोतंत!

गाडी कल्याणकडे पिटाळली. नदीच्या घाटावर बाबा पायरीवर बसलेले, थकलेले पण शाबूत. मुलगा धावत जाऊन बिलगला. बाबांनी माझी खाकी न्याहाळली. "इथे आमची खोली होती. आई त्या दगडावर धुणं धुवायची." मग मुलाला म्हणाले, "चल रे, भूक लागली."

परतताना मी मुलाची माफी मागितली. तो म्हणाला, "सोडा मॅडम, बाबा सापडले ना!"

ह्या केसने शिकवलं, की माणसाला खुर्चीत बसवण्याआधी त्याच्या भिंतीकडे बघावं. आणि कनिष्ठाचं म्हणणं खोडण्याआधी चष्मा पुसावा.

पुढे बाबांनी मला एक काच भेट दिली. तीच नदी, काठावर खाकीतली एक जाडी बाई. नावाची पट्टी उजव्याऐवजी डाव्या खिशावर. जाडी का काढलीत, एवढंच विचारलं. म्हणाले, "तुम्ही आहातच तशा. ते काही उलटं होत नाही."