सराट्याचा अर्क

सत्तरच्या दशकात मी सोलापुरातल्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट होते. घरात नोकरी करणारी पहिली मुलगी मीच, त्यामुळे आई शेजारीपाजारी कौतुक सांगत फिरायची. कौतुक कसलं डोंबलाचं! सरांचं संशोधन चालू होतं आणि मी त्यांचे सराटे निवडत होते.

सराटे म्हणजे गोखरू. मंगळवेढ्याच्या शिवारात अनवाणी चालून बघा, वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही. उन्हाळी लागली, म्हणजे लघवीला जळजळ झाली, की गोखरूचा काढा द्यायचा, हे आमच्या आजीलाही ठाऊक होतं. सरांना ते सिद्ध करायचं होतं. मी वाळलेले सराटे कुटायचे, त्यांचा अर्क काढायचे, कागदाच्या चकत्या त्यात भिजवून जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत ठेवायचे. जंतू मेले, तर दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ कडं दिसायचं.

त्या इमारतीत बायका दोनच. मी आणि झाडलोट करणाऱ्या मावशी. जिन्याखाली ‘स्त्रिया’ अशी पाटी असलेली एक खोली होती, पण तिला कायम कुलूप. चावी हेडक्लार्कच्या खुर्चीमागच्या खिळ्याला. पहिल्याच आठवड्यात मागायला गेले, तर अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, “कशाला हवीय?” चार माना वर झाल्या. मी “काही नाही” म्हणून परत फिरले, ती पुन्हा गेलेच नाही. दहा ते साडेपाच पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा उपाय मी माझा शोधून काढला. तोही सोलापूरच्या उन्हाळ्यात.

मावशींना विचारलं, तुम्ही काय करता? “मी जाते की मागं बाभळीआड. मला कोन बघतंय? तुमी शिकलेल्या, तुमाला लाज.”

मे महिन्यात मला उन्हाळी लागली. थेंब थेंब, आणि प्रत्येक थेंबाला ब्रह्मांड आठवायचं. आठवडाभर सोसलं आणि मग मान खाली घालून सरांना सांगितलं. सरांचा चेहरा चक्क उजळला. दवाखान्यातून आणलेले जंतू जुने झाले होते आणि त्यांना ताजा नमुना हवा होता. मी तो घरून बाटलीत आणून दिला. नाही म्हणायचं असतं, हे मला सुचलंच नाही.

तीन दिवसांनी बशीत माझेच जंतू वाढलेले, आणि चकतीभोवती बोटभर कडं. “बघा बाई, काय सुंदर आलंय!” सर म्हणाले आणि त्यांनी अर्काची एक बाटली माझ्या हातात ठेवली. “दिवसातून तीनदा घ्या. आणि भरपूर पाणी प्या. त्याशिवाय गुण यायचा नाही.”

मावशी झाडू टेकून ऐकत होत्या. सर गेल्यावर म्हणाल्या, “भरपूर पानी प्या म्हनं! आनि जायाचं कुटं?”

त्या बोलण्यानं मला धीर आला. दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हटलं, “सर, औषध राहू द्या. जिन्याखालच्या खोलीची चावी तेवढी ऑफिसातून मिळवून द्या.” दोन वर्षं तो जिना ते चढत-उतरत होते. तिथं अशी खोली आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. “आजच बोलतो,” म्हणाले.

आणि खरंच बोलले. सोमवारी आले, तर खोलीचं दार उघडं दिसलं. मला इतका आनंद झाला, की आधी वर जाऊन माठातलं तांब्याभर पाणी प्यायले. मग दुपारी खाली गेले. आत छतापर्यंत सराट्यांची पोती रचलेली. सर घाम पुसत उभे होते. “बरं झालं तुम्ही सुचवलंत, बाई. अशी कोरडी जागा मी कधीचा शोधत होतो.”

मी तशीच वर आले. बाभळीआडही गेले नाही. शिकलेली ना मी! साडेपाचपर्यंत सराटे कुटत बसले.

जुलैत हुडहुडी भरून ताप आला. जंतू वर मूत्रपिंडापर्यंत पोचले होते. तीन आठवडे दवाखान्यात सुया टोचून घेतल्या. जीव वाचला, उजवं मूत्रपिंड कामातून गेलं. नोकरीही गेली.

दिवाळीत सर घरी भेटायला आले, ते छापून आलेला निबंध घेऊनच. मी शेवटचं पान आधी उघडलं. तिथं हेडक्लार्कचे आभार मानले होते, जागा उपलब्ध करून दिल्याबद्दल. मी तिसऱ्या पानावर होते : रुग्ण, स्त्री, वय बावीस.

निघताना सर दारात थांबले. “पाणी भरपूर पिताय ना, बाई?”

उशाशी भरलेला तांब्या होता. तो त्यांच्या अंगावर फेकावा असं वाटलं, आणि मी म्हणाले, “हो सर.” त्यांच्यावरचा माझा राग केव्हाच निवळला. त्या ‘हो सर’चा मात्र अजून येतो.