बोटीवरच्या भाऊंनी निवडलेला फ्रीज

"दार म्हणजे भोक, वैनी, थंडी पळते," असं म्हणत भाऊ आमचा फ्रीज उघडत आणि ओठांतल्या ओठांत एक ते दहा मोजत. सातापर्यंत बायकोच्या इन्सुलिनची कुपी हातात, नवाला दार बंद, दहाला दारावर तळहात टेकवून खात्री. मग "येतो" म्हणून पायऱ्या उतरत. रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सात, अशी तीन वर्षं.

मुलांनो, मागे व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत की आजी, तुझ्या नव्या फ्रीजचा फ्रीझर खाली का, आणि त्याच्या दारातून बर्फ का पडत नाही. त्याचं उत्तर हे भाऊ. कुंपणापलीकडच्या कौलारू घरातले. तुम्ही त्यांना पाहिलंय, पण तेव्हा तुमचं सगळं लक्ष त्यांच्या मांजरीकडे होतं.

भाऊ जन्मभर मालवाहू बोटींवर होते. थंड खोल्या सांभाळणं हे त्यांचं काम. मांस, लोणी, सफरचंदं या बंदरातून त्या बंदरात न्यायची आणि वाटेत काही नासू द्यायचं नाही. अशा माणसाच्या घरात मात्र फ्रीज नव्हता. मला याचं भारी कुतूहल. विचारलं की कधी म्हणत, "ताजं मासं दारात येतंय, गोठवायचं कशाला?" कधी म्हणत, "लाइटीचा भरवसा नाय." दर वेळी कारण नवं, त्यामुळे मला त्यातलं एकही पटत नसे. त्यांच्या बायकोला आम्ही माई म्हणतो. तिचा निकाल ठरलेला होता. "जगाचं लोणी थंड ठेवलंनी, आणि मला बर्फाचा खडा नाय. कंजूस ते कंजूस."

मागच्या वर्षी आम्ही स्वयंपाकघर नवं करायला काढलं. ओटा, फरशी आणि जुनी वायरिंग, सगळंच बदलायचं होतं. तुमच्या बाबाचा हट्ट की फ्रीजही नवा हवा. काम चालू असताना महिनाभर आजोबा आणि मी पुण्याला राहणार होतो, आणि तेवढे दिवस घराची लाइट बंद. मी कामांची यादी केली. यादीत सगळं बसलं, फक्त माईच्या कुप्या कुठे ठेवायच्या ते बसेना. आमच्या वाडीतली बाकीची घरं मुंबईकरांची, मे महिना सोडला तर कुलपात.

"भाऊ, आमचा जुना फ्रीज चालू आहे. तो तुमच्याकडे न्या," मी म्हटलं.

"नको."

एवढंच. भाऊ माझ्याशी इतकं तोडून कधी बोलले नव्हते. मात्र नवा फ्रीज बघायला सोबत यायला लगेच तयार झाले.

मारुती मंदिराजवळच्या दुकानात त्यांनी खिशातून वर्तमानपत्राची पट्टी काढली. ती फ्रीजच्या दारात अडकवायची, दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर रबर ढिलं. प्रत्येक फ्रीजला चारही बाजूंनी ही परीक्षा. विक्रेता आधी हसला, मग स्वतःच पट्टी धरून उभा राहिला.

"लाइट गेली तर आतली थंडी किती तास टिकते?" भाऊंनी विचारलं.

"काका, दहा वर्षांची गॅरंटी आहे."

"कोणाची, लाइटीची?"

मी हसू दाबलं. मग विक्रेत्याने आम्हाला दोन दारांच्या, दारातूनच बर्फ पाडणाऱ्या एका कपाटाएवढ्या फ्रीजपुढे नेलं. दोन्ही दारं सताड उघडून तो म्हणाला, "बघा काकी, फ्रीझर केवढा. आख्खा माणूस मावेल."

भाऊ वळले आणि दुकानाबाहेर जाऊन पायरीवर बसले. मला वाटलं चक्कर आली. पाणी घेऊन गेले. पाणी तसंच हातात धरून ते बोलायला लागले.

बोटीवर केळशीचा एक कुक होता. भर समुद्रात त्याचं हृदय बंद पडलं. बंदर अकरा दिवस लांब. कप्तानाने भाजीची थंड खोली रिकामी करायला सांगितली आणि त्याला तिथे ठेवलं. खोली भाऊंच्या ताब्यात. दर चार तासांनी आत जाऊन तापमान बघायचं आणि वहीत लिहायचं. "दार उघडायचो, दहा मोजायचो, भायेर. त्यापेक्षा जास्त थांबवत नव्हतं, वैनी. त्याला नीट घरी पोचवला. पण आपल्या घरात तसलं दार नको वाटतं."

"माईला माहीत आहे?"

"नाय. घाबरेल ती."

"ती तुम्हाला कंजूस म्हणते."

"म्हणू दे."

मी जरा कठोर झाले. "कंजूस नवरा तिने चाळीस वर्षं चालवून घेतला, भाऊ. नासलेलं इन्सुलिन एक दिवसही चालणार नाही."

त्यांनी हातातलं पाणी एका दमात संपवलं. आत गेले आणि मधल्या आकाराचा एक फ्रीज दाखवून म्हणाले, "हा घ्या. रोजचं वर, गोठलेलं खाली, खणात. सारखं डोळ्यांसमोर नको." मी तोच घेतला.

आम्ही पुण्याला निघण्याच्या आदल्या दिवशी भाऊ दोन माणसं घेऊन आले आणि जुना फ्रीज उचलून नेला. स्वयंपाकघरात नाही, पडवीत ठेवला. माई पदर खोचून समोर उभी. "आज सूर्य कुठे उगवला म्हणायचा?" भाऊंनी कुप्या आत ठेवल्या, दार लावलं, आणि तिथेच बाकड्यावर बसून तिला सगळं सांगितलं. मी जायला निघाले तर माईने माझा हात धरून मला बसवून घेतलं.

सांगून झाल्यावर तिने खोचलेला पदर सोडून हातात घेतला. मला वाटलं आता रडेल. तिने विचारलं, "रांधायचा काय तो?"

भाऊ गोंधळले. हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. "फणसाची सांदणं करायचा," ते सावकाश म्हणाले. "डब्यातल्या फणसाची. कप्तान आमचा परदेशी, तो चार चार खायचा." मग एकातून एक निघत गेलं. कुक गात कसा असे, पत्त्यांत लबाडी कशी करी. दिवेलागण झाली तरी भाऊ बोलत होते.

यंदा श्रावणात भाऊ गेले, दुपारच्या झोपेतच. माई आता आपल्या कुप्या आपल्या पडवीतून घेते. परवा मी बांगड्याची आमटी नेऊन दिली तर तिने चाखून नाक मुरडलं.

"तिरफळं जास्त झाली गो. केळशीकर चारच टाकायचा."

"तू कधी त्याच्या हातचं खाल्लंस?"

"नाय," माई म्हणाली आणि वाटी पुढे केली. "पण चारच. वाढ अजून."