मुलुंडची परदेशी सावर

आमच्या मुलुंडच्या सोसायटीमागे पांढऱ्या सावरीचं झाड होतं. मूळचं दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनातलं. तिथे म्हणे ते सगळ्या जंगलाच्या डोक्यावरून बघतं. इथे ते आमच्या दोरीवरच्या बनियनींकडे बघायचं. उन्हाळ्यात शेंगा फुटल्या की कापूस घराघरात शिरायचा. आई तो वेचून उशा भरायची. मालवणची बाई, फुकट आलेलं काही टाकत नाही.

चेअरमनना मात्र त्या कापसाने शिंका यायच्या. रोज सकाळी गाडी नुसती चालू ठेवून आमच्या स्वयंपाकघरात धूर सोडणारे हे गृहस्थ मीटिंगमध्ये म्हणाले, "या झाडाने हवा खराब होतेय. शिवाय ते आपल्याकडचं नाहीच, परदेशी आहे. कापायलाच हवं."

टाळ्या पडल्या. आमच्याकडे परदेशी साबणाला मान, परदेशी झाडाला कुऱ्हाड.

आई मागच्या खुर्चीवरून उठली. "तुमचो झील अमेरिकेत असा मां? त्येका कोण कापूक इलो काय?"

मी मोठ्याने हसलो. चेअरमनच्या मुलाचा विषय निघाल्यावर बाकीचे खोकले.

"वहिनी, विषय झाडाचा चाललाय," चेअरमन म्हणाले.

"मी पण झाडाचाच बोलतंय."

महापालिकेची परवानगी आली ती सुकलेल्या फांद्या छाटण्यापुरती. पण कंत्राटदाराच्या माणसाने वरून "कितना काटू, साब?" विचारलं आणि चेअरमनसाहेब खालून "और, और" करत राहिले. संध्याकाळपर्यंत नुसता खांब उरला. आई खिडकीशी उभी होती. त्या दिवशी ती नीट जेवली नाही, आणि मलाही हसू आलं नाही.

गंमत अशी, की झाडाची सावली सगळ्यात जास्त चेअरमनच्याच हॉलवर पडायची. मे महिन्यात दुपारभर ऊन त्यांच्या सोफ्यावर लोळायला लागलं. त्यांनी दुसरा एसी बसवला. त्याचं पाणी खालच्या मजल्यावरच्या लोणच्याच्या बरण्यांवर ठिबकलं आणि जिन्यात जोरदार भांडण झालं. शेवटी त्यांनी मालाडहून प्लास्टिकचं हिरवं गवत आणून ग्रिलला बांधलं. पानं, वेली, मधे दोन गुलाबी फुलंसुद्धा.

मी त्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'झकास जंगल, साहेब! हे तरी देशी आहे ना?'

पाच मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं. आईला सांगितलं, तर कोकमाचा पेला माझ्या हातात देत म्हणाली, "बरां झालां. रोजची ती गुड मॉर्निंगची फुलां तरी चुकली."