गवई सरांचा शनी

स्टाफरूममध्ये किस्से कसे जमतात, सांगू? ऑफ तासाला चार माणसं, कोमट चहा, आणि ज्याच्यावर हसायचं तो समोरच बसलेला. यंदाचे बहुतेक किस्से गवई सरांचे. हसू तेवढं येत नाही, काय करता!

सर आमच्याकडे विज्ञान शिकवतात. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी त्यांना काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेलीचा भरवसा नाही. दुसरा कोणी अंथरूण धरून बसला असता. सरांनी टेलिस्कोप मागवला. म्हणाले, "अख्खी नोकरी फळ्यावर शनीचं कडं काढलं. आता नजर हाय तोवर एकदा खरं पाहून घेतो."

*

खोकं आलं आणि हेडमास्तरांना राहवेना. नवी वस्तू म्हणून नारळ फोडला, आणि कुंकवाचं बोट नेमकं पुढच्या भिंगावर टेकवलं. अगदी मधोमध!

सर चष्म्याच्या फडक्याने पुसत बसले. पुसावं तसं ते पसरत गेलं. मी हळहळलो, तर म्हणाले, "राहू द्या. आता मले अन् या दुर्बिणीले सारखंच दिसते."

*

आमचे क्लार्क बोबडे यांना साडेसाती चालू. शनी बघायचा म्हटल्यावर त्यांचा चेहराच पडला. त्याऐवजी गुरू चालेल का, निदान मंगळ, असं हळूच विचारून गेले.

सर म्हणाले, "बोबडे, तुम्ही डोळे मिटून घेजा. मले लागायचं ते लागलंच हाय."

*

टेलिस्कोपचा स्टँड काळा. शाळेच्या गच्चीवर सराव करताना सर येता-जाता त्याला अडखळायचे. "काळं काऊन रंगवते बे हे लोक?" असं पुटपुटायचे.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या इंगळे मॅडमनी स्टँडच्या पायांना पांढरी पट्टी गुंडाळली. कोणी विचारलं की सांगायच्या, सरकू नये म्हणून लावली. मला फार वाईट वाटलं.

*

मग आठवडाभर ढग. सर रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन वर बघत उभे राहायचे, आणि खाली येऊन आम्हालाच विचारायचे, "आज आभाळ हाय, का मोकळं हाय?"

*

शुक्रवारी मोकळं झालं. शाळेतली पोरं शनी बघायला शनिवारी यायची होती, म्हणून आदल्या संध्याकाळी आम्ही तिघंच गच्चीवर गेलो. देऊळघाटकडचे दिवे लागले होते. मोबाईलवर बघून मी शनी कुठे आहे ते दाखवलं, मॅडमनी नळीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीतून नेम धरला. सर वाकले.

किती तरी वेळ ते तसेच होते. मग हलक्या आवाजात सांगायला लागले, "दिसलं हो. कडं दिसलं. पिवळसर हाय... मधात बारीक काळी फट हाय." डोळे पुसत बाजूला झाले आणि मला म्हणाले, "या सर, तुम्ही पाहा."

मी डोळा लावला. नुसता काळोख. हात पुढे नेऊन चाचपलं. नळीच्या तोंडावर झाकण तसंच होतं.

"दिसलं काय?" सरांनी विचारलं.

"दिसलं, सर. फट पण दिसली."

मग मॅडम वाकल्या. बराच वेळ डोळा लावून राहिल्या.

"खरंच हो सर," त्या म्हणाल्या, "किती सुंदर हाय."